मुंगी चावल्यासारखं

भाच्याशी मी एकदाच खोटं बोललो. एप्रिल महिना होता, त्याची पाचवीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते. आमच्याच भागातल्या एका दवाखान्यात त्याला कुशीवर झोपवलं होतं आणि कमरेच्या हाडातल्या मज्जेचा नमुना काढायचा होता. त्यानं माझा अंगठा घट्ट धरला आणि विचारलं, "मामा, दुखणार हाय का?"

मी म्हणालो, "छे! मुंगी चावल्यासारखं वाटतंय. झालं."

वरची कातडी आणि हाडाचा पृष्ठभाग औषधानं बधिर करता येतात. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून आतली मज्जा खेचतात, त्या चार-पाच सेकंदांची कळ मात्र बधिर होत नाही. हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच कळलं. तो ओरडला नाही. त्याचं सगळं अंग एकदा ताठ झालं आणि त्यानं माझा अंगठा सोडून दिला. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आईशी बोलायचा, बापाशी बोलायचा, मी खोलीत आलो की भिंतीकडे तोंड.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. उद्या मोठा झाल्यावर ही गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं.

सुरुवात तापानं झाली. पंधरा दिवस ताप येत-जात होता, पाय दुखतात म्हणायचा, पोटऱ्यांवर निळसर डाग दिसायला लागले. पोरगं क्रिकेट खेळतंय, लागलं असेल कुठंतरी, असं आम्ही म्हणत राहिलो. रक्त तपासलं तर प्लेटलेट अठरा हजार. आमच्याकडे प्लेटलेट कमी म्हणजे डेंगी, हे ठरलेलं. आईनं पपईच्या पानांचा रस काढला, दाजींनी किवी आणली. मिरजेतल्या एका डॉक्टरांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि दाजींऐवजी मला आत बोलावलं. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून असेल. ते म्हणाले, "ब्लास्ट दिसतायत." अर्धवट वाढलेल्या, काही कामाच्या नसलेल्या पांढऱ्या पेशी. शेतात तण माजलं की पिकाला जागा उरत नाही, तशा त्या मज्जेत माजतात. मग तांबड्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, आणि ताप. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तो हाच. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डात त्याला नुसतं 'एएलएल' म्हणतात.

हंगाम मार्चमध्येच संपला होता, गाळप बंद होतं, म्हणून मला रजा मिळाली. ताई, दाजी, तो आणि मी, चौघं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाकडे निघालो. मागे आजीजवळ त्याची सहा वर्षांची बहीण राहिली. "दादाला टाटाला नेलंय" असं घरात जो-तो सांगत होता. ती पोर पुढे कित्येक दिवस शेजारणीला हात हलवून दाखवायची, "दादा असा टाटाला गेलाय." तिच्या लेखी टाटा म्हणजे निरोपच. या सगळ्यात आमच्याकडून तिची फार आबाळ झाली. आजारी मुलाभोवती अख्खं घर गोळा होतं आणि धडधाकट मूल कोपऱ्यात आपापलं मोठं होत राहतं. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर त्या दुसऱ्या मुलाला रोज एक फोन करा, एवढं मला मनापासून सांगायचं आहे. आम्हाला हे सुचायला दोन महिने लागले.

सकाळी दादरला उतरून टॅक्सीनं परळला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला केईएम, वाडिया, आणि समोर टाटा. फुटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरून माणसं बसलेली. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, आपल्या मराठवाड्यातली. मांडीवर फाईल, तोंडाला मास्क, डोक्यावर केस नसलेली मुलं. भाचा सगळं बघत होता. दारापाशी पाटी होती, ती त्यानं अक्षर-अक्षर लावून वाचली आणि थांबला.

"मामा, कर्करोग म्हणजे कॅन्सर ना?"

दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. घरून निघताना आमचं ठरलं होतं की त्याला 'रक्तात इन्फेक्शन झालंय' एवढंच सांगायचं. दाजींनी शपथ घातली होती. पण पाचवी पास झालेल्या पोराला वाचता येतं, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मी म्हणालो, "होय. कॅन्सर."

"मला झालाय?"

"होय. रक्ताचा."

"कर्क म्हणजे खेकडा. कॅलेंडरच्या मागं असतोय राशीत." ओढ्यात दगडाखाली हात घालून खेकडे धरणारं पोरगं ते. मी सांगितलं, जुन्या काळी ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. तुझ्यात गाठ नाही, तुझा खेकडा रक्तात आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू खोटं बोललास."

"बोललो. परत नाही बोलणार."

"किती दुखणार ते आधी सांगायचं."

"सांगीन. मला माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारून सांगीन."

दाजी त्या रात्री माझ्यावर फार चिडले. धर्मशाळेच्या जिन्यात उभं राहून म्हणाले, "लेकरू आहे ते. त्याच्या डोक्यावर कशाला ओझं?" मी काय उत्तर देणार? त्यांचा एकुलता एक मुलगा. मी वादाला गेलो नाही. पण मला आजही वाटतं की ओझं त्याच्या डोक्यावर आधीच होतं, आणि ते तो एकटा वाहत होता. घरातली मोठी माणसं दाराआड कुजबुजतात, आई डोळे पुसून हसत आत येते, हे मुलाला दिसत नाही असं समजणं ही आपली सोय आहे.

त्या दिवसापासून मी वही घातली. दोनशे पानी, कारखान्यात नमुन्यांच्या नोंदी ठेवतो तशीच. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा), ताप, काय दिलं, किती दिलं. शेवटचा रकाना त्यानं स्वतः आखून घेतला: 'किती दुखलं'. शून्य ते दहा. कमरेच्या हाडाला त्यानं मागाहून नऊ लिहिले. शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं, त्याला सात. सुई पहिल्याच वेळी लागली तर दोन. मुंगीला त्यानं एक दिला होता. घरी अंगणात मुद्दाम चावून घेतलेली लाल मुंगी त्याला आठवत होती.

दवाखान्यात सोबतीला राहणं म्हणजे मोठं धैर्याचं काम आहे असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर ते बरंचसं रांगेचं काम आहे. पहाटे उठून नंबर लावायचा, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, तोवर फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची. रेशनकार्ड, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, या सगळ्याच्या दहा-दहा झेरॉक्स. पैशांसाठी कुठे अर्ज करायचा ते तिथल्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी दाजींना शेजारी बसवून समजावलं. पाणी उकळून गार करायचं. काकडी-टोमॅटो कच्चं द्यायचं नाही, जाड सालीचं फळ घरात सोलून द्यायचं. दर दोन तासांनी हात धुवायचे. वॉर्डात आणि धर्मशाळेत 'कसं काय, बरं आहे का' असं कुणी विचारत नाही. विचारतात, "काउंट आले का?" एएनसी पाचशेच्या खाली असेल तर त्या दिवशी सगळ्यांचे आवाज खाली. आणि ताप शंभर पॉइंट चारला पोचला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी पोराला उचलायचं आणि निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. हा एक नियम डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितला की तो आमच्या हाडात मुरला.

आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. देशभरातून टाटाला आलेली माणसं तिथं अगदी थोड्या पैशांत राहतात. गाडगेबाबांचं नाव लहानपणी शाळेत ग्रामस्वच्छतेशी जोडून ऐकलेलं. ताई रोज सकाळी ओल्या फडक्यानं खोली पुसून काढायची, डेटॉलचा वास सुटायचा. तेव्हा बाबांचा झाडू वेगळाच कळला.

पहिले पस्तीस दिवस फार कठीण. याला इंडक्शन म्हणतात. रोज स्टिरॉइडच्या गोळ्या, आठवड्याला एक व्हिंक्रिस्टीन, मध्ये मध्ये अॅस्परॅजिनेज, एक लालभडक औषध, आणि पाठीत मेथोट्रेक्सेट. आता त्याला प्रत्येक बाटलीचा इतिहास हवा असायचा. हे काय आहे, कुठून येतं, कोणी काढलं. मी रात्री मोबाईलवर वाचायचो, डॉक्टरांना विचारायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचो. शिकाऊ डॉक्टर पोरी होत्या, त्यांनाही त्याचे प्रश्न आवडायला लागले होते.

व्हिंक्रिस्टीनचं ऐकून तो उठूनच बसला. ते औषध सदाफुलीपासून काढतात. आमच्या आईच्या दारात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली, गुलाबी आणि पांढरी, दोन्ही रंगांची सदाफुली आहे. बकरीसुद्धा तिला तोंड लावत नाही. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळली की देवाला वाहतात. शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध हाती लागतं. तो म्हणाला, "म्हणजे उतारा लई कमी." कारखान्यातल्या माणसाचा भाचा शोभतो. आमच्याकडे टनाला शंभर-सव्वाशे किलो साखर पडली नाही तर संचालक मंडळाची बैठक लागते. इथं त्याच्या शिरेत जाणारा डोस दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. मी त्याला सलाइनजवळ ती छोटी पिशवी दाखवली, आणि आम्ही दोघं थेंब मोजत बसलो.

घरी फोनवर हे सांगितलं आणि माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी गावातून निरोप आला, मग सदाफुलीचा काढाच का देत नाही, मुंबईला कशाला राहायचं? हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण असा सल्ला देणारी माणसं प्रेमानंच देतात. सदाफुली विषारी आहे. पानांच्या काढ्यात किती औषध उतरलं आणि किती विष, हे कुणाला मोजता येत नाही. तेच व्हिंक्रिस्टीन शिरेऐवजी चुकून पाठीतून गेलं तर जीव जातो, म्हणून ते देताना दोन-दोन माणसं नाव, फाईल आणि लेबल वाचून पाहतात. योग्य डोसमध्येसुद्धा त्यानं भाच्याच्या पायांतली ताकद घेतली. चालताना पाऊल फटकन आपटायचं, जबडा दुखायचा, चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. यातलं काय-काय होऊ शकतं ते मी त्याला आधी सांगितलं होतं. पाय आपटायला लागला तेव्हा तो घाबरला नाही. म्हणाला, "लिही वहीत. आलं."

पाठीतल्या सुईची मात्र त्याला धास्ती. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन गोगलगायीसारखं आकसायचं आणि हलायचं नाही. मणक्यातलं पाणी थोडं काढून तिथं औषध सोडतात, कारण मेंदूभोवती लपलेल्या पेशींपर्यंत शिरेतलं औषध नीट पोचत नाही. नंतर काही वेळ सपाट पडून राहायचं. त्या पडून राहण्याच्या वेळात मी त्याला मेथोट्रेक्सेटची गोष्ट सांगितली, आणि ती मला स्वतःलाच सगळ्यात जास्त लागली.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त अचानक पाण्यासारखं का होतं, हे शोधायला. त्यांची प्रयोगशाळा हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, टाटापासून चालत जायच्या अंतरावर. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माईटसारख्या स्वस्त पदार्थानं, त्या बायकांचं रक्त सुधारतं असं त्यांना दिसलं. त्यातला तो गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. मग बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिड देऊन पाहिलं, तर आजार उलट बळावला. तेव्हा त्यांनी विचार फिरवला: ज्यानं या पेशी माजतात, तेच तोडलं तर? फॉलिक अॅसिडची वाट अडवणारं औषध त्यांना मिळालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. आंध्रातला माणूस, अमेरिकेत काम करत होता. १९४८ साली फार्बरनी सोळा मुलांचा अनुभव छापला, त्यातली दहा मुलं सुधारली होती. त्याच औषधाचं पुढचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

माझ्या आईचे चुलते आणि चुलती दोघंही लालबागला गिरणीत होते. चुलती वाइंडिंग खात्यात. विल्सबाईंनी ज्यांच्या बोटातून रक्त घेतलं त्या बायका तिच्या आधीच्या पिढीतल्या, पण त्याच चाळींतल्या, त्याच घाटावरून उतरलेल्या. अशा कुणाकुणाच्या रक्तातून निघालेला धागा बोस्टनपर्यंत जाऊन परत परळला आला होता, आणि माझ्या भाच्याच्या पाठीत शिरला होता. आणि ज्या दवाखान्यात आम्ही होतो, त्याच्या मुळाशीही हाच आजार. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या, तेव्हा पैसा होता, औषध नव्हतं. त्यांच्या मागे टाटांच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभारलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं.

तो छताकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "ती दहा पोरं बरी झाली?"

इथं माझी परीक्षा होती. मी म्हणालो, "नाही. काही महिने बरी राहिली. मग आजार परत आला."

"मग आपल्याला तेच का देत्यात?"

"तेव्हा एकच औषध होतं. आता चार-पाच एकदम देतात, एकातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी म्हणून. आता बरीच पोरं पूर्ण बरी होतात. पुढारलेल्या देशांत दहातली नऊ."

"आणि हितं?"

"हिथं त्याहून थोडी कमी. मध्येच उपचार सोडून घरी गेलेली पोरं जास्त दगावतात. आपण सोडणार नाही."

त्यानं वहीत लिहिलं: पाठ – सहा.

जूनमध्ये प्लेटलेट सात हजारांवर आल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट लागणार होत्या, त्याला एसडीपी म्हणतात. दात्याचं वजन हवं, शीर जाड हवी, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, आणि तास-दीड तास खुर्चीत बसायची तयारी हवी. काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. साठवून ठेवायची सोय नाही. दाजींनी गावातल्या एकाला फोन केला. त्याचा भाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी. संध्याकाळी सात वाजता पाच जण आले. कांद्याच्या गाळ्यावरून तसेच आलेले, खांद्याला घट्टे, कपड्यांना कांद्याचा वास. दोघांचीच तपासणी पास झाली. उरलेले तिघं परत गेले नाहीत, खाली रस्त्यावर थांबून राहिले. ज्यानं प्लेटलेट दिल्या तो भाच्याला ओळखतही नव्हता. पिशवी पिवळसर, उसाच्या निवळ रसासारखी. ती वर टांगल्यावर भाच्यानं विचारलं, "ह्यात कांद्याचा वास येईल?" आम्ही त्याला खाली नेऊन दाखवू शकत नव्हतो, म्हणून त्या पाच जणांनी व्हिडिओ कॉल केला. काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही. एक जण म्हणाला, "काय रं पैलवान," आणि त्याचा आवाज बसला.

केस गेले, ते उशीवर पुंजक्यानं दिसले. स्टिरॉइडनं तोंड सुजून गोल झालं. रात्री तीनला उठून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागायचा, नाही मिळाली तर ताईला हातात येईल ते फेकून मारायचा, आणि मग तिच्याच कुशीत रडायचा. तो राग गोळ्यांचा आहे, पोराचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताईला ते कळत होतं आणि तरी लागत होतं.

शेजारच्या खोलीत बिहारचा एक मुलगा होता, त्याच्याहून वर्षानं लहान. दोघं मोबाईलवर लुडो खेळायचे. त्या मुलाचा आजार परत उलटलेला. ऑगस्टमध्ये त्याला अॅडमिट केलं, आणि एका सकाळी त्याची आई एकटीच खोलीवर आली. तिनं कुणाशी न बोलता सामान बांधलं. जाताना दारात उभी राहून ताईच्या हातात तिचा कुकर दिला. तीन लिटरचा, जुना. झाकणावर बंगाली अक्षरांत कुणाचं तरी नाव कोरलेलं. म्हणजे तिलाही तो असाच मिळालेला. ताईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पोटाशी धरून उभी राहिली.

भाच्यानं विचारलं, "तो घरी गेला?"

ताईनं मान डोलवायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "नाही रे. तो वारला. काल रात्री."

मला वाटलं होतं की तो रडेल. त्यानं मोबाईल काढला, लुडो उघडला आणि त्या मुलाच्या निळ्या सोंगट्यांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी पण मरणार?"

दाजी खिडकीशी उभे होते. त्यांची पाठ मला दिसत होती. मी माझ्या आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला इतका घाबरलेलो नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. पस्तीस दिवसांनंतर तुझी मज्जा तपासली, तिच्यात खेकडा सापडला नाही, हे मला माहीत आहे. तुझी औषधं लागू पडतायत, हे माहीत आहे. पुढचं डॉक्टरांनाही शंभर टक्के माहीत नसतं. पण काही वाईट कळलं तर तुझ्यापासून लपवणार नाही."

"आणि तू हितंच असणार?"

"गाळप सुरू झालं की मला जावं लागेल. तेव्हा दाजी असतील, आई असेल. मी दर पंधरा दिवसांनी येईन."

खिडकीपासून दाजी वळले आणि येऊन त्याच्या पायाशी बसले. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्यासमोर डोळे पुसले. पोरानं त्यांना आपली चादर दिली. त्यानंतर दाजींनी मला कधी बोल लावला नाही. वहीत लिहायचं कामही त्यांनीच घेतलं, मी नोव्हेंबरात गावी परतल्यावर. त्यांचं अक्षर वळणदार आहे.

डिसेंबरात सगळे घरी आले. कुकर बीडहून आलेल्या एका जोडप्याला देऊन आले. सदाफुलीजवळ उभा राहून भाच्यानं एक पान तोडलं, हुंगलं आणि टाकून दिलं.

आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून घरी राहून घ्यायची औषधं, चालू आहे. जवळपास दोन वर्षांची ही वाट, आणि खरी चिकाटी इथंच लागते, कारण पोरगं बरं दिसायला लागतं, केस येतात, आणि गावातले लोक म्हणतात, आता कशाला त्या गोळ्या? रोज रात्री सिक्स-एमपीची गोळी. रविवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्या तर विष, म्हणून त्या वेगळ्या डबीत, डबीवर ताईनं तांबड्या अक्षरांत 'रविवार' लिहिलंय. ठरल्या तारखांना पुन्हा परळ, पाठीतली सुई. तो तेरा वर्षांचा झाला. एक वर्ष बुडालं, आता सातवीत आहे. पाऊल अजून थोडं आपटतं. पाठीला हल्ली चार लिहितो.

हा लेख मी काल रात्री लिहीत होतो, तेव्हा साडेनऊला फोन आला. तोच बोलत होता. "मामा, अंग गरम हाय. नव्व्याण्णव पॉइंट आठ."

"आईला सांगितलंस?"

"तिनंच मोजला. जावं लागणार का?"

"अर्ध्या तासानं परत मोजू. शंभर पॉइंट चारला गेला तर लगेच मिरजेला जाऊन काउंट बघायचे आणि टाटात फोन करायचा. नाही गेला तर सकाळी बघू."

"सुई लागणार?"

"काउंटसाठी एक लागेल. ताप राहिला तर सलाइन, म्हणजे आणखी एक."

तो थोडा वेळ गप्प होता. मागून त्याच्या बहिणीचा आवाज येत होता, दादा काय म्हणतोय मामा, दादा काय म्हणतोय.

"उद्या गणिताची चाचणी हाय," तो म्हणाला. "मी दप्तर भरून ठेवतो. बॅगपण भरून ठेवतो."